विचारा बिनधास्त : गेमचं मशीन घरी आणलंय, आता पुढे काय?

दोन अंकांपूर्वी मी सहज लिहून गेलो की पार्लरमधली जुनी व्हिडिओ गेमची मशीनं आता भंगारवाल्याकडे किंवा कुणाच्या तरी गोडाऊनमध्ये धूळ खात पडलेली मिळतात, आणि तेव्हापासून तुमचे प्रश्न थांबतच नाहीयेत. सगळे छापणं शक्य नाही. ज्यांना शॉक बसायचा अजून बाकी आहे त्यांना आधी घेतलंय.

दादा, आमच्या वाडीच्या नाक्यावरचं व्हिडिओ गेमचं दुकान बंद होऊन जमाना झाला, मालकाच्या गोडाऊनमध्ये एक मशीन होतं ते मी आणि भावाने मिळून साडेआठ हजाराला उचललं, टेम्पोचे वेगळे. आता ते चाळीच्या गॅलरीत उभं आहे आणि आई रोज विचारते हे कपाट इथून कधी हलणार. आतून कसलातरी घाण वास येतो, मागचं दार गंजून बसलंय. एकदा प्लग लावून बघू का चालतंय का ते?
– एक वाचक, गिरगाव

नको. अजिबात नको. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या मशीनला थेट २३० व्होल्ट द्यायचे नसतात, आणि हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. परळला एका ओळखीच्यांकडून मशीन आणलं होतं, रात्रीचे साडेअकरा, राहवलं नाही, लावला प्लग, फट्ट आवाज आला आणि अख्ख्या मजल्याचे दिवे गेले, नंतर बघितलं तर उंदराने मेन वायर कुरतडून तांबं उघडं केलेलं आणि ते बरोबर पत्र्याला टेकलेलं. शेजारच्या आजी अजूनही मी जिन्यात दिसलो की आधी मीटरच्या बॉक्सकडे बघतात.

तर आधी मागचं दार. पहारीने उचकटू नका, बिजागऱ्यांवर आणि स्क्रूवर तेल सोडून रात्रभर थांबा, सकाळी निम्म्या वेळा आपणहून सुटतं. किल्ली नसेल तर कुलूप ड्रिलने फोडा, तसलं कुलूप हार्डवेअरवाल्याकडे सहज मिळतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. उघडलं की लगेच झाडू मारायला जाऊ नका हां, तो वास म्हणजे बहुतेक उंदरांच्या लेंड्या नाहीतर झुरळं, कोरडं झाडलं की ती सगळी धूळ तुमच्या छातीत जाणार. मास्क, हातमोजे घाला, लेंड्या ओल्या टिश्यूने उचला, मग मऊ ब्रश लावून व्हॅक्यूम क्लीनर फिरवा. ब्लोअर मारायचा असेल तर मशीन गच्चीत नाहीतर खाली चौकात न्या, गॅलरीत मारलात तर वाळत घातलेल्या कपड्यांवरून भांडणं होतील.

पण हे सगळं सुरू करायच्या आधी, एकही वायर काढायच्या आधी, मोबाइलवर फोटो काढा, इतके काढा की भाऊ म्हणेल वेडा झालास का. प्रत्येक कनेक्टरचे दोन्ही बाजूंनी. पार्लरवाल्यांनी वर्षानुवर्षं त्यात जे जुगाड केलेले असतात ते कुठल्याही डायग्राममध्ये सापडत नाहीत, एका मशीनमध्ये तर मी फ्यूजच्या जागी सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली बघितलीय. फ्यूज दिसला की काढा, आकडा वाचा, आणि तेवढ्याच ॲम्पियरचा नवा घाला, जास्तीचा नाही.

आत मुख्य ऐवज चारच, पिक्चर ट्यूब आणि तिचं सर्किट, एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय, गेमचा बोर्ड, आणि या सगळ्यांना बटणांशी जोडणारा वायरींचा जुडगा. त्या जुडग्याच्या टोकाला लांबट कनेक्टर असतो, त्याला जामा म्हणतात, अंगात घालायचा नाही, जपानमधल्या मशीन बनवणाऱ्यांच्या संघटनेच्या नावाची आद्याक्षरं आहेत ती. १९८५ साली त्यांनी ठरवलं की सगळ्या गेमच्या बोर्डांना एकच ५६ पिनांचा कनेक्टर ठेवायचा, २८ एका बाजूला २८ दुसऱ्या, म्हणजे पार्लरवाल्याला गेम बदलायला अख्खं मशीन बदलायला नको, नुसता बोर्ड काढा दुसरा खुपसा. तुमचं मशीन आपल्याकडच्या सुताराने बनवलेलं असेल तरी आत बहुतेक जामाच सापडेल.

आता करंट. नवी तीन पिनांची वायर घाला, जुनी दोन पिनांची असेल तर ती कचऱ्यात, आणि अर्थिंगची हिरवी वायर एसएमपीएसला, नाण्याच्या दाराच्या पत्र्याला आणि ट्यूबच्या फ्रेमला, तिन्हीकडे जोडा, कारण खेळताना मुलांचा हात त्याच पत्र्याला लागणार आहे. मग बोर्ड काढून ठेवा, ट्यूबचा सप्लाय काढून ठेवा, आणि फक्त एसएमपीएस चालू करून मल्टीमीटर लावा. अधिक ५ आणि अधिक १२ यायला हवेत, काहींना उणे ५ पण असतो. लोडशिवाय काही सप्लाय वेडावाकडा आकडा दाखवतात, तेव्हा ५ व्होल्टवर एखादा छोटा बल्ब लावून बघा. सगळं बरोबर आलं की बंद करा, मग बोर्ड लावा, आणि परत मोजा, यावेळी बोर्डाच्याच कडेला, कारण लांबच्या वायरीत थोडा व्होल्टेज खाल्ला जातो. ५ ते ५.१ च्या दरम्यान आणा, त्यासाठी एसएमपीएसवर एक छोटा स्क्रू असतो, तो केसभर फिरवायचा, वॉल्यूमसारखा नाही. साडेपाचच्या वर गेलात तर बोर्ड गेला म्हणून समजा. आणि कनेक्टर उलटा लावू नका!! पिनांच्या ओळीत एक खाच असते ती जुळली पाहिजे, पण जुन्या कनेक्टरमधली ती खाचेची पट्टी कुणीतरी कधीच हरवलेली असते, म्हणून बोर्डाची पार्ट असलेली बाजू कुठली हे कनेक्टरवर मार्करने लिहून ठेवा.

बोर्डाच्या कडेच्या पिना काळ्या पडल्या असतील तर शाळेतला साधा पांढरा खोडरबर घासा आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पॉलिश पेपर लावू नका, वरचा मुलामा निघून जातो. बोर्डावर पिंपासारखी बारकी बॅटरी सोल्डर केलेली असेल, निओ जिओ नावाच्या गेम सिस्टिमच्या मदरबोर्डावर हमखास असते, तर ती गळलीय का बघा, हिरवट-पांढरी बुरशी दिसली की बॅटरी कापून काढा, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कानकाडीने तो भाग पुसा आणि नंतर अल्कोहोलने, व्हिनेगर तसंच राहू देऊ नका. कॅपकॉम या गेम कंपनीच्या सीपीएस २ प्रकारच्या बोर्डाचं मात्र उलटं, हा बोर्ड प्लास्टिकच्या डब्यात असतो, त्यातल्या बॅटरीवर गेम उघडायची किल्ली जपून ठेवलेली असते, ती बॅटरी काढली की गेम मेला. तसला डबा दिसला तर हात लावायच्या आधी मला लिहा.

ट्यूबला हात लावू नका. त्याचं पुढे येतंय.

आणि आईला सांगा अजून दोन महिने.

माझ्या मुलाने असंच मशीन आणलंय. बाहेरून सनमायका आहे, त्यावर पंचवीस वर्षांचे स्टिकर, च्युइंगगम आणि कंपासने कोरलेली नावं. समोर चित्र असलेली काच आणि वर दिव्याचा बोर्ड आहे. मी थिनरने पुसायला घेतलं तर मुलगा धावत आला. काय वापरू?
– एक आई, मुलुंड

मुलाने बरोबर अडवलं ताई. सनमायकाला भांड्यांचं लिक्विड दोन थेंब कोमट पाण्यात आणि घट्ट पिळलेलं फडकं, बास. निथळतं फडकं नको, कडेने पाणी प्लायवूडमध्ये शिरतं आणि पावसाळ्यात तिथूनच सनमायका सुटायला लागतो. स्टिकर हेअर ड्रायरने गरम करून एका कोपऱ्यातून हळूहळू ओढायचे, मागे राहिलेल्या गोंदाला नीलगिरीचं तेल लावून दहा मिनिटं थांबा, नसेल तर खोबरेल लावून रात्रभर ठेवा, मग जुन्या एटीएम कार्डाने खरवडा. च्युइंगगमवर फडक्यात गुंडाळलेला बर्फ धरा, कडक झालं की टुकदिशी निघतं.

समोरची काच आणि वरचा बोर्ड ही वेगळी भानगड. ती काच आहे की ॲक्रिलिक ते आधी बघा, नखाने टिचकी मारून आवाजावरून कळतं. ॲक्रिलिक असेल तर थिनर, स्पिरिट, काच पुसायचा निळा स्प्रे, काहीही लावू नका, बारीक बारीक भेगांचं जाळं पडतं आणि ते परत जात नाही. आणि खरी काच असेल तर चित्र बहुतेक मागच्या बाजूने छापलेलं असतं, मागची बाजू ओली केलीत तर रंगाचे पापुद्रे फडक्याला लागून येतील, तिकडे फक्त कोरडा मऊ ब्रश. वरच्या बोर्डामागे जुनी चोकवाली ट्यूबलाइट असेल तर एलईडी टाका, लोहार चाळीत पाहिजे त्या लांबीची मिळते, उष्णता कमी आणि चित्रही कमी उडतं.

कोरलेली नावं राहू द्या. हे माझं मत झालं, तुम्ही लांबी म्हणजे पुट्टी भरून रंग मारू शकता, पण त्या सनमायकावर कुणीतरी शाळा बुडवून कंपास चालवलाय, आणि पूर्ण नवंकोरं दिसणारं मशीन हवं असेल तर सुताराला नवीनच सांगा ना, जुनं कशाला आणलं.

स्ट्रीट फायटर टू लागतो, पण बुक्केच बसतात, लाथा बसतच नाहीत. बटणं सहाच्या सहा नवीन टाकली. बोर्ड खराब आहे का?
– एक वाचक, दादर

बोर्ड बरा असणार. जामामध्ये मुळात एका खेळाडूला तीनच बटणं धरलेली आहेत, स्ट्रीट फायटर टू १९९१ ला आला तेव्हा सहा लागायला लागली, म्हणून लाथांच्या तीन बटणांसाठी बोर्डावर वेगळा कनेक्टर दिलाय, त्याची वायर वेगळी येते. तुमच्या मशीनमध्ये ती कधी कुणी लावलीच नसेल, किंवा मधे मुस्तफा लावला तेव्हा काढून टाकली असेल. (जे पार्लरमध्ये वाढले नाहीत त्यांच्यासाठी, मुस्तफा म्हणजे १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, कॅपकॉमचाच. त्याचं खरं नाव मलाही कितीतरी वर्षांनी कळलं.) बोर्डाचा फोटो दाखवून लॅमिंग्टन रोडला ती वायर बनवून घ्या, रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात.

जॉयस्टिक वर केली की माणूस खाली बसतो. आणि एक बटण जोरात दाबलं तरच चालतं. डब्ल्यूडी फोर्टी मारून बघितलं, दोन दिवस चाललं परत तसंच.
– एक वाचक, भांडुप

दांडी मधल्या सांध्यावर फिरते, त्यामुळे वरचं टोक पुढे ढकललं की खालचं टोक मागे जातं आणि मागचा स्विच दाबतं. म्हणजे ‘वर’ची वायर खेळणाऱ्याच्या पोटाकडच्या स्विचला लागते. सगळेच एकदा चुकतात, वर-खाली आणि डावी-उजवी दोन्ही जोड्या बदला.

बटणाचं म्हणाल तर तो स्प्रे कॉन्टॅक्ट साफ करायला नाही हो, मागे तेलकट थर राहतो आणि त्याला धूळ चिकटते. कॉन्टॅक्ट क्लीनर म्हणून वेगळा मिळतो तो घ्या. पण खरं सांगू का, बटणाखालचा मायक्रोस्विच इतका स्वस्त असतो की साफ करण्यात अर्धा तास घालवण्यापेक्षा बदला, तीन पाय असतात, एक कॉमन, एक एनओ म्हणजे दाबल्यावर जुळणारा, एक एनसी म्हणजे न दाबता जुळलेला, वायर कॉमनला आणि एनओला, एनसीला लावलीत तर बटण न दाबताच गोळ्या सुटत राहतील.

आमच्या लहानपणी रुपया टाकला की गेम सुरू व्हायचा. आता तेच मशीन घरात आहे आणि रुपया घेतच नाही, सरळ खाली पडतो. नाण्याचा खटका बिघडलाय का?
– एक वाचक, लालबाग

खटका जागच्या जागी आहे साहेब, रुपया बारीक झालाय. १९९२ पासून निघालेला स्टीलचा रुपया २५ मिलिमीटरचा होता, २०११ च्या मालिकेपासून तो साधारण २२ चा झाला, तुमचं मशीन जुन्या मापाचं आहे, नव्या रुपयाला ते खोटं नाणं समजतं आणि परत करतं. जुने रुपये घरात कुठेतरी डब्यात असतीलच, पंधरा-वीस गोळा करा आणि दार उघडून तेच तेच परत टाका, पाहुणे आले की फार मजा येते. नाहीतर नाण्याच्या स्विचची वायर, जामावर १६ नंबरची पिन, ती एका बटणाला आणा आणि दुसरी ग्राउंडला, दाबलं की एक क्रेडिट. काही बोर्डांवर डिप स्विचमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या बारक्या खटक्यांत, फ्री प्लेसुद्धा असतो. मी स्वतः फ्री प्लेच्या विरुद्ध आहे, शेवटची लाइफ उरल्यावर खिशात एकच रुपया आहे हे माहीत असताना जसा माणूस खेळतो तसा फुकटात खेळत नाही.

दाराचा पत्रा गंजलाय असंही लिहिलंय तुम्ही, तो काढून पॉलिश पेपरने गंज घासा, रेड ऑक्साइड मारा, सुकला की काळा रंग. त्यात विशेष काही नाही.

चित्र येतं पण चारी बाजूंनी आकसलंय आणि कडा लाटेसारख्या हलतात, एका कोपऱ्यात जांभळा डाग आहे. टीव्ही मेकॅनिक म्हणतो ट्यूब फेका, एलसीडी लावून देतो. लावू का?
– एक वाचक, अंधेरी

मेकॅनिक बदला. आकसलेलं आणि हलणारं चित्र म्हणजे बहुतेक वेळा ट्यूबच्या सर्किटमधले कंडेन्सर वाळलेत, ते बदलण्याचं काम आहे, मायक्रोफॅरड तेवढाच, व्होल्टेज तेवढा किंवा जास्त, १०५ डिग्रीवाले घ्यायचे, अधिक-उणे बाजू बघून. जांभळा डाग म्हणजे ट्यूबला चुंबकत्व लागलंय, शेजारी स्पीकर ठेवलाय का बघा, तो हलवा, डीगॉसिंग कॉइल फिरवली की डाग जातो, जुन्या टीव्हीवाल्यांकडे ती असते. पॅकमॅनचा चक्रव्यूह काचेवर कायमचा उमटलाय असलं काही असतं तर मात्र ट्यूब बदलण्याशिवाय इलाज नव्हता.

पण हे काम तुम्ही करू नका. कलर ट्यूबला वीसेक हजार व्होल्ट लागतात आणि ट्यूब स्वतःच एका मोठ्या कंडेन्सरसारखी वागते, प्लग काढला तरी चार्ज आत बसून राहतो, कधी कधी दिवसेंदिवस. तो काढायची पद्धत आहे, जाड मुठीच्या स्क्रूड्रायव्हरला वायर बांधून ती वायर ट्यूबच्या बाहेरच्या अर्थच्या जाळीला जोडायची, एक हात पाठीमागे, आणि टोक रबरी टोपीखाली सरकवायचं, टक्कन आवाज येतो, काही मिनिटांनी परत करायचं कारण उरलासुरला चार्ज पुन्हा जमा होतो. हे मी सांगतोय ते मेकॅनिक बरोबर करतोय का हे तुम्हाला कळावं म्हणून. आणि ट्यूबची मागची बारीक मान कुठे आपटली तर सगळा खेळ खलास, हवा शिरली की ट्यूब गेली. पन्नाशी ओलांडलेला टीव्हीवाला शोधा, ज्याच्या दुकानात अजून एलओटी, म्हणजे जुन्या टीव्हीतले हाय व्होल्टेजचे ट्रान्सफॉर्मर, टांगलेले दिसतात असा.

मॉनिटर बाहेरून आलेला असेल तर पाठीमागचं लेबल वाचा, जपानी १०० व्होल्टचा असतो, अमेरिकन ११०-१२० चा, मधे जड ट्रान्सफॉर्मर लावलेला असेल. जागा खातो म्हणून तो काढून टाकू नका, तो नसला तर मॉनिटर तर जाईलच आणि तुम्हीही धोक्यात.

खरोखर ट्यूब मेली असेल तर एलसीडी, त्याला माझी ना नाही, पण रुंद नको, जुना चौकोनी ऑफिसवाला शोधा, रुंद पडद्यावर स्ट्रीट फायटरमधला रयू जाडा दिसतो. आणि गेमचा बोर्ड १५ किलोहर्ट्झचा सिग्नल देतो, कॉम्प्युटरच्या मॉनिटरला साधारण ३१ लागतो, थेट जोडून काहीच दिसणार नाही, मधे कन्व्हर्टर बोर्ड लागतो, जीबीएस ८२०० म्हणून मिळतो तो चालतो. मेलेली ट्यूब कचराकुंडीशेजारी ठेवून येऊ नका, काचेत शिसं असतं, ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत माणसाकडे द्या.

मशीन तळाकडून कुजलंय, बोटाने प्लायवूडचा भुगा निघतो. वाळवी नाही, पेस्ट कंट्रोलवाल्याने बघितलं. मग हे कशाने झालं? आणि आता पूर्ण खोकं नवीन करायचं का?
– एक वाचक, बोरिवली

रोज लादी पुसल्याने. पार्लरमध्ये रोज सकाळी बादलीभर पाणी ओतून फडकं मारलं जायचं, मशीन सरळ जमिनीवर टेकलेलं, प्लायवूडची उघडी कड ते पाणी वर्षानुवर्षं प्यायली, वरून मुंबईचा जून ते सप्टेंबर. वाळवीला कशाला बोल लावायचा.

पूर्ण खोकं नको. मशीन आडवं करा, पण आधी ट्यूब बाहेर काढून घ्या, मेकॅनिककडून. टणक लाकूड लागेपर्यंत खालची पट्टी सरळ रेषेत कापा, चार-पाच इंच जाईल, त्या जागी तेवढ्याच जाडीची नवी पट्टी, बीडब्ल्यूपी म्हणजे मरीन प्लाय, शिक्क्यावर आयएस ७१० बघून घ्या, आयएस ३०३ वाला ओलावा सोसतो पण पाण्यात उभं राहायच्या लायकीचा नाही. आतल्या बाजूने जोडावर दुसरी पट्टी टेकू म्हणून लावा, वॉटरप्रूफ गोंद, स्क्रू, बाहेरून लांबी भरून घासा. खालची कड उघडी ठेवू नका, तिला दोन हात ऑइल पेंट. आणि मग खाली चार लेव्हलर पाय लावा, दोन इंच उंच, म्हणजे पुसायचं फडकं खालून जाईल आणि लाकडाला लागणार नाही. मागून भिंतीपासून वीतभर जागा सोडा, बाहेरच्या भिंतीला तर टेकवूच नका, पावसाळ्यात ती भिंत ओल धरते. जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातून दोनदा तासभर मशीन चालू ठेवा, खेळायला निमित्तही मिळतं, आतल्या उबेने ओल जाते.

काका, मिस्टर चोरबाजारातून मशीन ठरवून आलेत, शुक्रवार सोडून कधीही उचला म्हणाला तो. वन रूम किचन आहे आमचं, तिसरा मजला, लिफ्ट नाही. ते दारातून आत येईल का एवढंच सांगा.
– एक वाचक, करी रोड

अख्खं येणार नाही, सुटं करून येईल. उभं मशीन पावणेसहा-सहा फुटांचं आणि शंभर किलोच्या पुढचं असतं, पण सगळ्यात बाहेर आलेला भाग म्हणजे बटणांचा फळा, तो आतून दोन-तीन बोल्टवर असतो, काढला की खोली सहा-आठ इंचांनी कमी होते. ट्यूब वेगळी काढली तर बरंच वजन गेलं आणि जिन्याच्या वळणावर ती फुटायची भीतीही गेली, ती वेगळी उशांमध्ये गुंडाळून काच खाली करून आणा. आता टेप घ्या, तुमच्या दाराची रुंदी चौकटीच्या आतून मोजा, जिन्याचं वळण मोजा, आणि मिस्टरांना सांगा त्यांनी मशीन रुंदीला आणि फळा काढून खोलीला मोजून यावं, दोन्हीपैकी एक जरी माप दारापेक्षा इंचभर कमी असलं तर आडवं करून शिरेल. नसलं तर पैसे द्यायच्या आधी मला आकडे कळवा.